उंबरठ्याबाहेर गेलेला डबा

माझ्या सासरच्या महालक्ष्म्यांचा एक नियम आहे. तो आधी समजावून सांगते, कारण त्याच्यावाचून पुढची हकीकत नीट कळणार नाही. भाद्रपदात महालक्ष्म्या तीन दिवसांसाठी येतात. पहिल्या दिवशी त्या बसतात, दुसऱ्या दिवशी महानैवेद्य होतो आणि तिसऱ्या दिवशी त्या उठतात. दुसऱ्या दिवशी उंबरठ्याच्या आत जो येईल त्याला पान वाढायचे. मग तो ओळखीचा असो वा नसो. मात्र त्या नैवेद्यातला कणही उंबरठ्याबाहेर जाता कामा नये. शेजारी वाटी द्यायची नाही, प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधायची नाही. उरले तर घरच्यांनीच संपवायचे. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत हा नियम थोड्याफार फरकाने पाळतात आणि लक्ष्मी घरात टिकावी म्हणून असे करतात, असे सांगतात. माझ्या सासूबाई मात्र त्याचा अर्थ निराळा लावीत. त्या म्हणत, "ज्याला खायचं त्यानं घरी यावं. डबा गेला की माणूस येत नाही."

सासूबाईंना दोन मुलगे. मोठे दीर वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी तहसिलीत कारकून होते आणि वडिलार्जित घर सांभाळून होते. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे त्याच घरात असत. धाकटे म्हणजे माझे यजमान. त्यांनी कोणाला न विचारता जबलपूरला तोफांचे गाडे करण्याच्या सरकारी कारखान्यात नोकरी धरली आणि ते इकडे आले. एवढ्यावर काही बिघडले नसते. परंतु महायुद्ध सुरू झाले, कारखान्यात रात्रंदिवस पाळ्या लागल्या, आणि सासरे वारले तेव्हा यजमानांना रजा मिळाली नाही. ते पोचले ते तेराव्याचे जेवण आटोपल्यावर. दीर ओसरीवर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "बापापेक्षा भोंगा मोठा झाला." त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

भांडण मात्र त्यांनी केले नाही. एकमेकांना सांगायचे ते दोघेही आईला सांगत आणि आई ते पलीकडे पोचवी. दोघे एकाच खोलीत असले तरी हाच प्रकार. "आई, त्याला म्हणावं, गाडी कितीची आहे." मग आई दुसऱ्याकडे वळून तेच वाक्य म्हणे, आणि उत्तर आले की पुन्हा इकडे वळे. नव्या सुनेला, म्हणजे मला, पहिल्यांदा हे पाहून हसू आले होते. सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ते हसू मी गिळले.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. मरण्यापूर्वी दोन्ही मुलगे महालक्ष्म्यांसमोर एका पंगतीला बसलेले पाहायचे. सासऱ्यांच्या मागे दोघे एका पंगतीला बसलेच नव्हते. एकत्र जेवले म्हणजे बोलतील, असा त्यांचा हिशेब होता. युद्ध संपेपर्यंत धाकट्याला रजा मिळणार नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा त्यांनी असा निर्णय घेतला, जो त्या घराण्यात पूर्वी कोणी घेतला नव्हता: त्या वर्षी महालक्ष्म्या जबलपूरला बसतील. दिरांना तो रुचला नाही. जाऊबाईंनी मला पुढे सांगितले की ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण आईपुढे त्यांचे चालले नाही.

अशा रीतीने माझ्या नव्यानेच मांडलेल्या संसारात, वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात, एवढा मोठा सण येऊन पडला. मी मराठी शाळेत मास्तरीण होते. प्रत्येक काम पायरीपायरीने करावे, ही सवय मला शाळेने लावली होती. मी सगळे आधीपासून ठरवून ठेवले. गूळ रेशनचा, काळा आणि खारट निघेल म्हणून तो आधी वितळवून गाळून ठेवला. सरपण पावसात भिजेल म्हणून पलंगाखाली रचले. नैवेद्याच्या भाजीत सोळा भाज्या लागतात. त्यांतल्या कोणत्या शहरातल्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारात मिळतील आणि कोणत्या शेजारच्या परसांतून मागाव्या लागतील, ते मनाशी नक्की केले. यजमानांनी आपल्या साहेबाकडे शब्द टाकला होता. पूजेच्या दिवशी संध्याकाळच्या भोंग्याला त्यांना सोडायचे कबूल झाले होते.

मंडळी आली. आगगाडीत मुखवटे सासूबाईंनी स्वतःच्या मांडीवर, सुपात तांदळांवर ठेवून आणले होते. सगळी रात्र त्या आडव्या झाल्या नव्हत्या. टांग्यातून उतरताना त्यांनी सूप जाऊबाईंच्या हाती दिले आणि दोन्ही हातांनी कंबर दाबली. सासूबाई विधवा असल्याने पूजेचा मान दीर आणि जाऊबाई या जोडप्याचा होता. पण कोणती गोष्ट कशी व्हावी हे सासूबाईच सांगत.

त्या संध्याकाळी यजमान कामावरून आले. दीर खाटेवर बसले होते.

"आई," दीर म्हणाले, "त्याला विचार, अंघोळीचं पाणी कुठं तापवतात."

"अरे, मागच्या चुलाण्यावर तापवतात काय?" सासूबाईंनी विचारले.

"सांग त्यांना, तापलेलं आहे. बालदी काढून ठेवतो," यजमान म्हणाले.

"काढून ठेवून राहिला," सासूबाई दिरांना म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "काहून हसून राहिली तू? बालदी दे त्याला."

मी हसत नव्हते. हसत होत्या त्या स्वतःच. त्यांचे दोन्ही मुलगे एका छपराखाली होते आणि उद्याची पंगत जवळ आली होती. नंतर दीर अंघोळीला गेले तेव्हा यजमानांनी त्यांचा धुवट पंचा मुकाट्याने खुंटीवर टांगून ठेवला, हेही सासूबाईंच्या नजरेतून सुटले नाही.

दुसऱ्या दिवसाच्या गोंधळाची सुरुवात डाळीपासून झाली. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ इतकी शिजावी लागते की बोटांत धरली असता तिचे पीठ व्हावे. पहाटेपासून चुलीवर ठेवलेली ती डाळ दुपारपर्यंत टणकच होती. विहिरीचे पाणी जड, डाळ जुनी, आणि पलंगाखालचे सरपण जमिनीची ओल धरून बसलेले. ही ओल मी हिशेबात धरलीच नव्हती. घरात इतका धूर झाला की जाऊबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे महालक्ष्म्या येतात. इथं धुरानं कोंडल्या जाऊन राहिल्या." भाज्या सोळांऐवजी तेराच भरल्या. उरलेल्या तीन भाज्यांच्या जागी भोपळा, भोपळ्याची पाने आणि भोपळ्याची फुले वेगळी मोजावीत, असा निवाडा सासूबाईंनी दिला. जाऊबाईंनी तो ऐकला आणि मान फिरवली.

नैवेद्य दाखवण्यापूर्वी स्वयंपाकाची चव घेत नाहीत. सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई मीठ अंदाजाने घालते. आमच्या त्या लहानशा चुलीपुढे आम्ही दोघी जावा आळीपाळीने बसत होतो. कढीला मीठ मी घातले. मी उठल्यावर जाऊबाईंनीही घातले. हे आम्हा दोघींना कळले ते पानावर वाढल्यानंतर.

तरीही दिवस मावळण्याच्या सुमारास स्वयंपाक एकदाचा झाला. आदल्या दिवशीच मुखवटे धडाच्या कोठ्यांवर चढवले होते, साड्या नेसवल्या होत्या, समया लावल्या होत्या. त्या सुमारास वसाहतीत दिवे झाकण्याचा हुकूम होता. खिडक्यांना काळा कागद होताच. पण आमच्या दाराची फट मोठी होती. आरती सुरू झाली आणि बाहेरून रखवालदाराचा आवाज आला, "बत्ती ढाँको भैया, रोशनी बाहर आ रही है." दिरांनी आरती थांबवली नाही. मी दाराला घोंगडी लावली. आत धूर, काळोख आणि दोन समयांचा उजेड. त्यात दिरांचा आवाज मात्र खणखणीत होता. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

संध्याकाळचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. यजमान आले नव्हते.

नैवेद्य दाखवून झाला. पत्रावळी मांडल्या. महालक्ष्म्यांसमोर दोन पाने शेजारी शेजारी, त्यांना रांगोळी सासूबाईंनी हट्टाने स्वतः काढली. विधवेने रांगोळी काढू नये असे जाऊबाई पुटपुटल्या. "ही देवीची नाही, माझ्या पोरांची आहे," असे सासूबाई म्हणाल्या.

"बसतोस काय?" त्यांनी दिरांना विचारले.

दीर पानांकडे पाहत उभे होते. मला वाटले, ते आता बसतील आणि सगळे संपेल. पण ते म्हणाले, "थांबू थोडं. तो येईल."

'त्याला म्हणावं' नाही, 'त्याला विचार' नाही. इतक्या वर्षांत भावाविषयी त्यांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य होते, जे कोणाकडून कोणाकडे पोचवायचे नव्हते. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मागच्या दाराशी गेले आणि देवाला म्हटले, आता त्यांना घरी पाठव.

त्याऐवजी शेजारचे गृहस्थ आले. तेही त्याच कारखान्यात होते आणि त्यांची पाळी नुकतीच सुटली होती. ते उंबरठ्याबाहेर थांबून हिंदीत सांगू लागले. यजमानांच्या खात्यात तातडीचे काम आले होते आणि कोणालाही सोडत नव्हते. "गेट बंद कर दिया है, अम्माजी. अब सुबह ही आएँगे. साहब ने कहा था कि छोड़ देंगे, पर ऊपर से हुकम आ गया."

"अच्छा," सासूबाई म्हणाल्या. हिंदीतला हा एकच शब्द त्यांना बोलता येई.

त्या दिवसाचा प्रसाद त्याच दिवशी खायचा असतो. सकाळी यजमान येतील तेव्हा महालक्ष्म्या उठण्याची वेळ झालेली असेल. पुढच्या वर्षी पुन्हा सगळे जुळून येईल की नाही, कोणी सांगावे? सासूबाई खाली बसल्या. थोड्या वेळाने उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा निराळाच दिसत होता. त्यांनी फडताळातला यजमानांचा पितळी डबा काढला आणि पाण्याने विसळला.

"आई, काय करून राहिल्या तुम्ही?" जाऊबाईंनी विचारले.

धाकट्याच्या पानावरची पुरणपोळी सासूबाईंनी डब्यात घडी करून ठेवली, वर तूप सोडले, भाजी घातली, दोन वडे ठेवले. मग त्या दिरांकडे वळल्या. त्या काय म्हणाल्या ते मला शब्दशः आठवते, कारण मी ते पुढे मनात पुष्कळदा म्हणून पाहिले आहे.

"पंगत म्हणजे काय रे? एका नैवेद्याचं अन्न, एका वेळी. मी गेटावर पोचते. तू इथं बस, तो तिथं बसेल. तितकंच होऊन राहिलं तर तितकं."

"उंबरठा आहे ना आई," दीर म्हणाले.

"आहे," त्या म्हणाल्या आणि तो ओलांडून गेल्या.

मी त्यांच्या मागून गेले. अंधार पडला होता आणि रस्त्यावरचे दिवे नव्हते. सोवळ्यात त्या अनवाणी चालत होत्या. डबा दोन्ही हातांत, पोटाशी धरलेला. वाटेत मी म्हटले, "द्या, मी घेते."

"तुला ओझं वाटून राहिलं माझं?" त्या म्हणाल्या. मग काही पावलांनी, "तुझं सोवळं मघाच मोडलं. शिवू नको."

गेटावर उंच भिंत आणि दोन संतरी. एक पंजाबी असावा, दुसरा इकडचाच, बुंदेली बोलणारा. मी हिंदीत सांगितले की आत माझे यजमान आहेत, आज घरी देवीची पूजा आहे, एवढा डबा पोचवावा. बुंदेली संतरी वयाने मोठा होता. त्याने डब्याला हात लावला नाही. दुरूनच हात जोडले.

"माताराम, देवी का परसाद है, हमारे सिर-माथे. पर डब्बा अंदर नहीं जाएगा. लड़ाई के दिन हैं, बाहर का खाना बंद है. हमारी नौकरी चली जाएगी."

"त्याला म्हण, मी इथं उभी राहते," सासूबाई मला म्हणाल्या. "पोराला बाहेर बोलवा. दोन घास खाईल, जाईल."

मी तसे सांगितले. तो मान हलवत राहिला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण तो पुन्हा पुन्हा "माताराम" म्हणत होता आणि त्याच्या आवाजात अडवणूक नव्हती. पंजाबी संतरी म्हणाला, "बीबीजी, ले जाओ इनको. बारिश आएगी."

सासूबाई भिंतीकडे पाहत होत्या. भिंतीपलीकडे घण पडल्यासारखा आवाज सारखा येत होता. "इथंच आहे ना तो?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. त्या आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग वळल्या.

आम्ही परत निघालो. मी मनात वेगळाच प्रश्न सोडवीत होते: बाहेर गेलेला प्रसाद आता आत न्यायचा कसा? नियमाला याचे उत्तर नव्हते, कारण नियम करणाऱ्यांना असे काही घडेल हे सुचले नव्हते. तो आत नेला तर बाहेरचे अन्न देवीपुढे आणल्यासारखे होईल. बाहेर टाकला तर नैवेद्य टाकल्याचे पाप. आमच्या दाराशी आल्यावर सासूबाई पायरीवर थांबल्या. घोंगडी बाजूला सारून दीर दारात आले. त्यांनी आईच्या हातातला भरलेला डबा पाहिला. मला वाटले, ते निदान हाताला धरून तिला आत घेतील.

"दिला नाही काय?" त्यांनी विचारले.

"घेत नाहीत आत."

दीर दारातच उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "माझा पाय मोडला होता, आई. नागपूरला."

सासूबाईंनी डबा पुन्हा पोटाशी धरला.

ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. जाऊबाईंनी नंतर सांगितली. दीर लहान असताना नागपूरला शिकत, ओळखीच्या घरांत वार लावून जेवत. एका वर्षी भाद्रपदात पाय मोडून ते खाटेवर पडले आणि महालक्ष्म्यांना घरी येऊ शकले नाहीत. महानैवेद्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक नातलग नागपूरला निघणार होते. मुलाने निरोप पाठवला होता की, एक पुरणपोळी पाठव. सासूबाईंनी प्रसादाला हात लावला नाही. त्यांनी पहाटे उठून वेगळे बेसनाचे लाडू वळले आणि ते पाठवले. मुलगा रुसला असे कोणी म्हटले नाही, आणि त्यानेही पुढे कधी हा विषय काढला नाही.

"मला वाटलं, तू विसरला असशील," सासूबाई म्हणाल्या.

"तू विसरली होतीस?"

"नाही."

दीर वळून आत गेले. पाटावर बसताना ते जाऊबाईंना म्हणाले, "वाढ. आणि ते दुसरं पान उचल."

जाऊबाईंनी रांगोळीतले रिकामे पान उचलले. मी बाहेरच होते. शेजारच्या बाईंनी हे सगळे ऐकले असावे, कारण त्या ओट्यावर येऊन उभ्या होत्या. मराठी त्यांना अर्धेमुर्धे कळे. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, "हमें दे दो अम्माजी. देवी का है. बच्चे खा लेंगे." सासूबाईंनी डबा त्यांच्या ओंजळीत ठेवला. अशा तऱ्हेने यजमानांच्या वाट्याची पुरणपोळी शेजारच्या मुलांनी खाल्ली, आणि मला वाटते, आनंदाने खाल्ली, कारण भिंतीपलीकडून त्यांचे भांडण ऐकू येत होते.

आत दीर एकटे जेवत होते. पानात वाढलेले प्रसादाचे काहीही टाकायचे नसते. पुरण कच्चट राहिले होते; दाताखाली डाळ लागत होती. ते चावून खात होते. कढी त्यांनी भुरकली आणि हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पुन्हा वाटी तोंडाला लावली आणि रिकामी करून ठेवली. जाऊबाईंनी मागाहून कढी चाखली आणि माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघींनी मीठ घातले होते. त्या घरात खारट कढीची कोणी कधी थट्टा केली नाही. करता आली असती तर बरे झाले असते. सासूबाईंनी शेवटी पोळीचा एक तुकडा तोंडात घातला आणि पाणी प्यायल्या.

सकाळी यजमान आले. कपड्यांना वंगण लागलेले, डोळे लाल. रात्री त्यांनी चणे खाल्ले होते. ओसरीत वळकट्या बांधलेल्या दिसल्या तेव्हा त्यांना काय झाले असेल याचा अंदाज आला असावा. आतून घंटेचा आवाज येत होता. दीर महालक्ष्म्या उठवत होते. बिनअंघोळीने आत जाता येत नाही, म्हणून यजमान विहिरीवर गेले. ते ओल्या केसांनी परत आले तेव्हा मुखवटे सुपात ठेवले होते आणि टांगा दाराशी होता. पुढची गाडी संध्याकाळी होती. तीही चालली असती. पण दीर टांगेवाल्याशेजारी जाऊन बसले होते आणि रस्त्याकडे पाहत होते.

सासूबाईंनी इकडेच राहावे असे मी म्हणून पाहिले. "मुखवटे तिकडं जाऊन राहिले," त्या म्हणाल्या, "मी कशी राहू?" सूप मांडीवर घेऊन त्या मागच्या बाजूला बसल्या. टांगा हलला तेव्हा यजमानांनी त्याच्या दांडीला हात लावला आणि वसाहतीच्या वळणापर्यंत ते सोबत चालत गेले. सासूबाई एकदा पुढे दिरांकडे पाहत, एकदा खाली यजमानांकडे. कोणाला काही पोचवायचे आहे काय, याची त्या वाट पाहत असाव्यात. कोणी काही सांगितले नाही. वळणावर यजमानांचा हात सुटला.

पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्या त्यांनी पाहिल्या नाहीत. आषाढात त्या आजारी पडल्या आणि श्रावणात गेल्या. युद्ध चालूच होते. परंतु त्या वेळी यजमानांना रजा मिळाली. रजेसाठी ते काय बोलले, कोणाकडे गेले, हे त्यांनी मला सांगितले नाही. आम्ही वेळेवर पोचलो. दहाव्याला दोघा भावांनी मिळून क्रिया केली, कारण ती करावीच लागते, आणि तेराव्याच्या गोडजेवणाला दोघे एकाच पंगतीला, शेजारी शेजारी बसले. सासूबाईंनी मागितले होते ते असे झाले.

मी आणि जाऊबाई वाढत होतो. ब्राह्मण जेवत होते, नातलग हलक्या आवाजात बोलत होते. दोघे भाऊ खाली मान घालून भात कालवत होते. यजमानांच्या पानातली पोळी संपली हे दिरांच्या लक्षात आले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली आणि सवयीने म्हणाले, "आई, त्याला—"

ते तिथेच थांबले.

यजमानांचा हात भातावर राहिला. त्यांनी वर पाहिले नाही. दारात आई नव्हती. जाऊबाई होत्या, आणि दिरांना पुढे काय सांगायचे होते हे ठाऊक असूनही त्या पुढे झाल्या नाहीत, कारण त्या आई नव्हत्या. मी वाट पाहिली. मला वाटत होते की दीर वळतील आणि उरलेले वाक्य भावाच्या तोंडावर म्हणतील. ते चारच शब्दांचे असते. नाहीतर यजमान म्हणतील, नको, पुरे. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होते.

दिरांनी मान पुन्हा खाली घातली. पोळीचे ताट माझ्या हातात होते. मी यजमानांच्या पानात पोळी वाढली, तूप वाढले, आणि दुसरी पंगत बसायची होती म्हणून पुढे गेले.